दाढीचे पाते ज्याचे त्याचे

शनिवार पेठेतला एक जुना वाडा नव्या इमारतीसाठी रिकामा होत होता. तिथे राहणारे कुटुंब माझे जुने पेशंट. त्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा एका संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेस आला आणि टेबलावर एक कापडी पिशवी ठेवून म्हणाला, "डॉक्टरकाका, माळ्यावर आजोबांचे दाढीचे सामान सापडले. मी वापरू का?"

पिशवीत तीन भागांचा पितळी सेफ्टी रेझर होता, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा एक वस्तरा होता, तो पाजवण्याचा चामड्याचा पट्टा होता, केस गळालेला ब्रश, गंजलेल्या ब्लेडचे एक पाकीट आणि तुरटीचा गुळगुळीत झालेला खडा. मुलाची तक्रार अशी की, सध्या तो वापरत असलेला तीन पात्यांचा रेझर महाग पडतो आणि गळ्यावर सारखे पुरळ उठते. मोबाइलवर कुणाला तरी वस्तऱ्याने दाढी करताना पाहून त्यालाही हौस वाटू लागली होती. मी त्याचा गळा पाहिला. लाल पुटकुळ्या होत्या, दोन ठिकाणी केस कातडीतच वळून रुतले होते.

असाच प्रश्न अलीकडे मला चार-पाच तरुणांनी विचारला. म्हणून या आठवड्यात दाढीविषयी लिहितो. विषय किरकोळ वाटेल. पण धारदार पाते रोज किंवा दिवसाआड उघड्या कातडीवरून फिरवणे ही एक छोटी शस्त्रक्रियाच आहे, आणि ती आपण बहुधा अर्ध्या झोपेत, बसची वेळ गाठण्याच्या घाईत करतो.

आमच्या आधीच्या पिढीपर्यंत पेठांतून न्हावी घरी येत असे. धोकटीत वस्तरा, निसणा, वाटी, आरसा, तुरटी. वाड्याच्या ओसरीवर एकामागून एक सगळ्या पुरुषांची हजामत व्हायची आणि वस्तरा तोच. पुढे घरोघर सेफ्टी रेझर आला. अमेरिकेतील किंग जिलेट या गृहस्थाने १९०३ साली फेकून देण्याजोग्या पातळ पात्याचा रेझर बाजारात आणला. पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना तो सरसकट दिला, आणि घरी परतलेल्या सैनिकांनी ती सवय सोडली नाही. आपल्याकडे तो आला, पण त्याबरोबर एक गैरसमजही आला. पाते 'सेफ्टी' आहे म्हणजे ते घरातल्या सगळ्यांसाठी सेफ आहे, असा. त्या नावातली सुरक्षितता फक्त कापण्यापुरती आहे. पात्याची धार किती बाहेर राहील एवढेच तो रेझर ठरवतो. पात्यावर आधी कुणाचे रक्त लागले आहे, हे त्याला कळत नाही.

त्या मुलाला मी विचारले, "हा रेझर आजोबा एकटेच वापरायचे का?" तो म्हणाला, "बाबा सांगतात, घरात एकच होता. आजोबा, धाकटे आजोबा, बाबा, काका, सगळे त्यानेच करायचे. धाकटे आजोबा काविळीने गेले." हे वाक्य तो सहज बोलून गेला. मी मात्र पेन खाली ठेवले.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील रक्तदान शिबिरात रक्त दिलेल्या एका गृहस्थांना रक्तपेढीने बोलावून घेतले. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी विषाणू सापडला होता. ते माझ्याकडे आले तेव्हा मी नेहमीचे प्रश्न विचारले. कधी ऑपरेशन झाले का, रक्त चढवले का, इंजेक्शने कुठे घेतली, आईला कधी कावीळ झाली होती का. सगळ्याचे उत्तर नाही. घरातील सर्वांची तपासणी केली. आई निर्दोष, पत्नी निर्दोष, मधला भाऊ मात्र बाधित. त्यापुढे मी विचार केला नाही. काही महिन्यांनी त्यांच्या आईला ताप आला म्हणून घरी गेलो. हात धुवायला मोरीत गेलो तर भिंतीवरच्या आरशाखाली एक रेझर आणि एक ब्रश. "दोघांत एकच पुरतो," वहिनींनी सांगितले. धाकटा भाऊ सलूनमध्ये जायचा, तो निर्दोष होता. रेझरमुळेच लागण झाली असे मी सिद्ध करू शकत नाही, कुणीच करू शकणार नाही. पण तो प्रश्न मी विचारायलाच हवा होता, आणि पहिल्याच दिवशी तो रेझर बंद करायला हवा होता. त्यानंतर अशा प्रत्येक पेशंटला मी तो विचारतो.

हिपॅटायटिस बी आपल्या देशात प्रामुख्याने बाधित आईकडून जन्माच्या वेळी बाळाला, तसेच दूषित सुया, रक्त आणि शरीरसंबंध यांतून पसरतो. वस्तरा हा त्यामानाने लहान रस्ता. पण तो अजिबात पैसे खर्च न करता बंद करता येतो, म्हणून त्याचे महत्त्व. हा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढे रक्त पुरते. दाढी करताना कापले नाही तरी कातडीला सूक्ष्म ओरखडे पडतातच. ते आपल्याला तुरटी लावल्यावर चुरचुरल्याने समजतात. हिपॅटायटिस सी याच वाटेने जाऊ शकतो. एड्सच्या विषाणूची भीती लोकांना जास्त असते, परंतु तो शरीराबाहेर त्यामानाने दुबळा आहे आणि दाढीतून त्याचा धोका अत्यल्प समजला जातो. १९९० नंतरच्या दशकात एड्सच्या भीतीनेच सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते वापरण्याची पद्धत वाढली. त्या भीतीचा आपल्याला खरा फायदा झाला तो काविळीच्या बाबतीत.

त्या मुलाच्या वडिलांना मी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले. धाकट्या आजोबांची कावीळ कसली होती, हे आता कळण्याचा मार्ग नव्हता. वडिलांना काहीच त्रास नव्हता, आणि मला काळजी होती ती त्याचीच. या आजाराचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतात आणि आतून यकृत खराब होत राहते. बी आणि सी या दोन्हीसाठी रक्त पाठवले. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस त्या घरात कुणी नीट जेवले नाही, असे वहिनी नंतर म्हणाल्या. दोन्ही रिपोर्ट निर्दोष आले. त्यांना बी ची लस सुरू केली. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. लहान मुलांना ही लस आता सरकारी लसीकरणात मिळते आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांपैकी बहुतेकांनी ती घेतलेलीच नसते. वाचकांपैकी ज्यांनी घरात किंवा वसतिगृहात कधी काळी रेझर वाटून वापरला आहे, त्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी. घाबरण्यासारखे काही नाही. बी आढळला तर नियमित तपासणी आणि लागल्यास गोळ्यांनी यकृत सांभाळता येते. सी वर लस नाही, पण तो आता बहुतेकांमध्ये साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून हे उपचार मोफत देण्याची सोय आहे.

आता मूळ प्रश्न. रेझर वापरायचा का? मी म्हटले, जरूर वापर, पण एकट्याने. पितळी रेझर सुटा करून गरम पाणी आणि साबणाने जुन्या ब्रशने घासावा, मग पाण्यात २० मिनिटे उकळावा. आजोबांचा रेझर उकळल्याने त्यांचा अपमान होत नाही. गंजलेली ब्लेड, जुना ब्रश आणि तुरटी मात्र टाकून द्यावी. जुन्या ब्रशचा किस्सा सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत काही सैनिकांना आणि नागरिकांना चेहऱ्यावर काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. तपासाअंती दोष निघाला तो घोड्याच्या केसांच्या स्वस्त, नीट निर्जंतुक न केलेल्या दाढीच्या ब्रशांचा. आजचे ब्रश तसे नसतात, पण दुसऱ्याचा ओलसर, कुबट ब्रश गालावर फिरवण्याची गरज काय?

सेफ्टी रेझरने सुरुवात

पहिले काम दाढी करण्याचे नाहीच. दाढी एक दिवस वाढू द्यावी आणि कोरड्या बोटांनी चाचपून पाहावे. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकते ती केसांची सुलट दिशा. गालावर ती बहुधा खाली असते. गळ्यावर मात्र कुणाची आडवी, कुणाची वर, कुणाची तर दोन बाजूंना दोन तऱ्हेची. माझ्याकडे येणाऱ्या पुरळांपैकी निम्मी गळ्यावर असतात त्याचे कारण हेच, की गडी गाल आणि गळा एकाच दिशेने ओढत सुटतो. या मुलाच्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस चक्क कानाकडे वाढत होते आणि तो वर्षभर तिथे खालून वर रेझर नेत होता.

दाढी अंघोळीनंतर करावी. ते जमत नसेल तर कोमट पाण्याने चेहरा धुऊन दोन-तीन मिनिटे ओला ठेवावा. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषले की तो मऊ होतो आणि फार कमी जोराने कापला जातो. दाढी चांगली होणे न होणे निम्मे इथेच ठरते, आणि नेमकी हीच मिनिटे आपण वाचवतो. साबण साधा दाढीचा, वडीचा किंवा क्रीमचा, कुठलाही चालेल. अंगाचा साबण नको, त्याचा फेस लवकर सुकतो. ओल्या ब्रशने गोल गोल फिरवत दाट फेस काढावा. फेस सुकू लागला तर पुन्हा ब्रश फिरवावा.

रेझरमध्ये नवे पाते घालताना ते आखूड बाजूंनी धरावे. झाकण, पाते आणि खालची पट्टी सरळ बसली ना, दोन्ही बाजूंना धार सारखी दिसते ना, हे पाहून मगच दांडा घट्ट करावा. आता रेझरचे डोके गालावर असे टेकवावे की दांडा गालापासून सरळ बाहेर, काटकोनात राहील. मग दांडा हळूहळू खाली आणावा. जिथे पाते केसाला लागल्याची बारीक खरखर ऐकू येते तिथे थांबावे. तोच कोन. तो साधारण ३० अंशांचा असतो, पण अंश मोजत बसू नये, कानाने ओळखावा. आणि दाबू नये. हे मी त्या मुलाला तीन वेळा सांगितले. तीन-पाच पात्यांचे रेझर वापरणाऱ्यांना दाबायची सवय असते. सेफ्टी रेझरचे स्वतःचे वजन पुरते. हाताने फक्त दिशा द्यायची. दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणून, इंच-दीड इंचाचे छोटे फटके, दर दोन-तीन फटक्यांनी रेझर पाण्यात हलवायचा. हनुवटीचे वळण आणि नाकाखालची जागा शेवटी घ्यावी, तोवर तिथला फेस केसांना भिजवत राहतो.

पहिले पंधरा दिवस एकदाच, सुलट दिशेने दाढी करावी. थोडी खरखर राहील, राहू द्यावी. सवय झाल्यावर पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवायला हरकत नाही. उलट हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, सलूनमध्ये 'उलटी मारू का साहेब?' म्हणतात तो, माझ्या मते बहुतेकांना नकोच. केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, टोक तिरपे आणि अणकुचीदार होते, आणि वाढताना बाहेर येण्याऐवजी कातडीत घुसते. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना हा त्रास हटकून होतो. अनेक पात्यांचे रेझर असेच करतात. पहिले पाते केस ओढते, मागचे तो खाली कापते. म्हणून या मुलाला एका पात्याचा रेझर मानवेल असा माझा अंदाज होता. आधी मात्र मी त्याला तीन आठवडे दाढीच करू दिली नाही. रुतलेला केस टाचणीने उकरू नये, त्याने काळे डाग आणि व्रण राहतात.

दाढी झाल्यावर गार पाणी, मग स्वतःचा तुरटीचा खडा ओल्या चेहऱ्यावर हलका फिरवून धुऊन टाकावा. तुरटी कातडी आकसवते आणि बारीक रक्तस्राव थांबवते. पण ती काविळीचे विषाणू मारते असा भरवसा धरू नये. सलूनमधला तोच खडा दहा जणांच्या ओरखड्यांवरून फिरतो, हे लक्षात घेऊन तिथे 'तुरटी नको' म्हणावे. झोंबणारे सुगंधी लोशन लावल्याने मर्दानी वाटत असेल, कातडीला त्याचा काही उपयोग नाही. कोरडी पडत असेल तर साधे खोबरेल तेल किंवा क्रीम पुरे. कापले तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे. दर अर्ध्या मिनिटाने उचलून पाहणाऱ्याचे रक्त थांबत नाही.

पाते चार-पाच दाढ्यांनंतर बदलावे. ओढू लागले तर त्याआधीच. दोन रुपयांची बचत करून गळ्याला मलम लावत बसणे परवडत नाही.

एक समजूत मी आजही रोज ऐकतो. वस्तरा फिरवला की केस दाट आणि काळे येतात. सोळा-सतरा वर्षांची मुले यापायी कोवळ्या लवेवर रेझर फिरवतात आणि मुली चेहऱ्यावरील लवेला घाबरून असतात. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी केस मोजून हे तपासले. दाढीमुळे केसांच्या रंगात, जाडीत किंवा वाढण्याच्या वेगात फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. कापलेला केस टोकाला बोथट असतो म्हणून खरखरीत लागतो, एवढेच.

वस्तऱ्याची हौस

"आणि वस्तरा?" मुलाने विचारले. माझे उत्तर असे होते. दोन-तीन महिने सेफ्टी रेझरने एकही जखम न होता दाढी कर, मग ये. वस्तऱ्यात पाते पूर्ण उघडे असते, कोन धरायला कुठलीही पट्टी मदतीला नसते. शिवाय वस्तरा रोज पट्ट्यावर पाजवावा लागतो. पाठीकडची बाजू पुढे ठेवून ओढायचा, वळवताना पाठीवरून उलटायचा, धारेवरून नव्हे, नाहीतर पट्टा कापतो आणि धारही जाते. पाजवताना हाताची काळजी घ्यावी. अमेरिकन विचारवंत थोरो यांचे थोरले बंधू जॉन यांचे वस्तरा पाजवताना बोट कापले. जखम एवढीशी, पण १८४२ च्या जानेवारीत धनुर्वाताने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा लस नव्हती. आता आहे, आणि दर १० वर्षांनी एक डोस घ्यायला हवा. तुम्ही शेवटचा कधी घेतला, आठवते का?

ज्याला शिकायचेच आहे त्याने पहिला आठवडा फक्त दोन गाल वस्तऱ्याने करावेत, बाकी सेफ्टी रेझरने. कातडी चांगली ताणलेली, पाते गालाशी जवळजवळ टेकलेले, आणि चाल नेहमी धारेच्या काटकोनात. धारेच्या लांबीच्या दिशेने वस्तरा जराही सरकला की तो सुरीसारखा कापतो. गळा आणि ओठ शेवटी शिकावेत. वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जाऊ नये, पडू द्यावा. मोरीचे दार आतून लावून घ्यावे म्हणजे कुणाचा धक्का लागणार नाही. ज्यांचा हात कापतो, ज्यांना फिट येते, नजर कमी आहे, जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात किंवा ज्यांचा मधुमेह ताब्यात नाही, त्यांनी वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी विजेचे मशीन उत्तम. त्या मुलाच्या आजोबांच्या वस्तऱ्याच्या धारेला दोन जागी खाचा होत्या आणि सांध्यात गंज होता. "हा शोकेसमध्ये ठेव," मी म्हटले. त्याचा चेहरा उतरला खरा.

जे सलूनमध्येच दाढी करतात त्यांच्यासाठी थोडे. नाभिक बांधवांवर दोष टाकण्याचा माझा हेतू नाही. याच व्यवसायातील मंडळींनी १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार केला होता. पोटावर पाय येत असतानाही नको तिथे वस्तरा थांबवणारी ही माणसे आहेत. आज बहुतेक दुकानांत ब्लेडचे अर्धे पाते नवे घालतात. ते आपल्या डोळ्यांसमोर पाकिटातून काढले आणि मोडले गेले का, हे पाहावे. तोंडातून शब्द काढायला संकोचू नये. पण पाते नवे असले तरी ते धरणारी मूठ, वाटीतले पाणी, ब्रश आणि खांद्यावरचा टॉवेल तेच असतात. टॉवेल आणि ट्रिमरमधून गजकर्णही पसरते. स्वतःचा धुतलेला नॅपकिन नेणे सगळ्यात सोपे. तान्ह्या बाळाचे जावळ काढताना आणि मुंजीत तर नवे पाते आणि उकळलेली मूठ यांचा आग्रह धरावाच. त्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी असते आणि नेमके हेच विसरले जाते. मालीश झाल्यावर मान कडकड मोडून घेण्याची हौस मात्र सोडावी. मानेतील रक्तवाहिन्यांना त्याने इजा होऊ शकते.

दवाखान्यात केव्हा यावे? दाढीच्या जागी पिवळ्या पुवाच्या पुटकुळ्या वाढत असतील तर. तो बहुधा केसतोडा असतो, दाढी थांबवून साधे उपचार केले की बरा होतो. तो वारंवार होत असेल तर साखर तपासावी. माझ्या दोन पेशंटांचा मधुमेह असा दाढीतून सापडला. वरच्या ओठावरचा किंवा नाकाजवळचा फोड कधीही पिळू नये. तिथल्या शिरांचा मेंदूलगतच्या शिरांशी संबंध असतो आणि जंतू आत जाऊ शकतात. सूज, ताप किंवा डोळा दुखणे असेल तर त्याच दिवशी यावे. कडा उठलेले, खाजणारे गोल चट्टे दिसले तर दुकानातून चार औषधे एकत्र असलेले मलम आणून लावू नये. त्यातील स्टेरॉइडमुळे खाज थांबते आणि गजकर्ण आतल्या आत पसरते. गेल्या दहा वर्षांत अशी चिघळलेली गजकर्णे मी इतकी पाहिली की मोजणे सोडून दिले. आणि चामखिळी एका ओळीत, रेझर जातो त्या रेषेत उमटल्या असतील तर पाते त्या पेरत चालले आहे असे समजावे.

सहा आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा आला. गळा स्वच्छ होता. वस्तऱ्याचे नाव त्याने काढले नाही. पण एक प्रश्न होता, वापरलेल्या ब्लेडचे काय करायचे? हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. पुण्यात आपला कचरा आजही मोठ्या प्रमाणावर हातांनी वेगळा केला जातो. २००८ पासून स्वच्छ संस्थेच्या कष्टकरी बाया दारोदार येऊन तो उचलतात. कागदात गुंडाळलेले पाते त्यांच्या बोटात शिरते, आणि त्यावरचे रक्त आपले असते. मी त्याला चहापावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायला सांगितले. झाकणाला पाते जाईल एवढी फट पाडायची, झाकण चिकटपट्टीने पक्के करायचे आणि प्रत्येक पाते त्या फटीतून आत टाकायचे. दिवसाआड दाढी करणाऱ्या एकट्या माणसाला असा डबा भरायला कित्येक वर्षे लागतात. भरल्यावर त्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिहून, कचऱ्यात न मिसळता, बाईंच्या हातात सांगून द्यायचा.